शुद्ध रद्दी

भिंगोबानं एखाद्या वस्तूला चांगलं म्हटलं, तर ती टाकाऊच असणार, हे जुन्या बाजारात फक्त एका माणसाला ठाऊक होतं. बाकीच्यांचा समज असा की, चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा हा किडकिडीत गृहस्थ जन्मालाच नाक मुरडून आलेला आहे, आणि दर सुट्टीला इथं येतो तो त्या नाकाला व्यायाम म्हणून.

तो यायचा जुन्या कॉमिक्ससाठी. मुखवटा घालून उडणारे, भिंतीतून आरपार जाणारे, चोरांना गुद्द्यांनी शहाणं करणारे वीर ज्यांत असतात, ती पातळ, भडक रंगांची पुस्तकं. मुलांनी वाचून वाचून फाडायची आणि उरली तर वडिलांनी रागानं फाडायची, अशीच त्यांची वहिवाट असल्यामुळे यातून जी वाचली ती थोडी, आणि थोडी म्हणून महाग. पैसेवाले लोक ती दुकानातून, पारदर्शक पिशवीत घातलेली, वाससुद्धा न घेता विकत घेत. भिंगोबाकडे असायचे ते कामावरून पायी घरी येऊन वाचवलेले बसचे पैसे. बायकोला वाटायचं, नवरा तब्येतीला जपतो. शेजारणींना ती तसं सांगायचीही. तो गैरसमज दूर करावा इतका भिंगोबा क्रूर नव्हता.

एवढ्याशा भांडवलावर हा शौक करायचा तर डोळा आणि जीभ दोन्ही तयार लागतात. डोळा त्याच्या धंद्यानं तयार केला होता. गळ्यात कायम लोंबणारं भिंग डोळ्याला लावलं की पान मागाहून चिकटवलंय का, पिना मूळच्या आहेत का, हे त्याला लगेच कळे. त्यावरूनच त्याचं नाव पडलं. जीभ मात्र तयार केली पेंटरनं.

पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सगळा जन्म शिडीवर गेल्यामुळे खाली उतरला तरी तो वरूनच बघायचा. पुढं छापील फलक आले आणि हाताच्या पाट्यांचा धंदा झोपला, पण नखांतला रंग काही गेला नाही. दोघांची ओळख झाली ती एकाच गठ्ठ्यावर दोघांचे हात पडल्यामुळे. अशा ओळखीतून सहसा मारामारी होते. इथं मैत्री झाली, कारण खिसे दोघांचेही सारखेच फाटके होते.

"तुझे डोळे मोठे होतात," पेंटर पहिल्याच दिवशी त्याला बाजूला घेऊन म्हणाला. "ते मोठे झाले की जाड्याचा भाव मोठा होतो. दाताच्या डॉक्टरकडं आल्यासारखं तोंड करत जा."

जाड्या म्हणजे जुन्या बाजारातला विक्रेता. पुस्तकं, पंखे, मोडक्या खुर्च्या, कोणाच्या तरी आजोबांचे फोटो, सगळं तो एकाच ताडपत्रीवर मांडून बसायचा. वस्तूची किंमत त्याला कळत नसे. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याची बरोबर कळे.

त्याला चकवायला पेंटरनं उलटी बोली काढली. "बरं आहे" म्हणजे हात लावू नकोस. "चांगलं आहे" म्हणजे हात लावला असशील तर धुऊन ये. "रद्दी" म्हणजे घे. "शुद्ध रद्दी" म्हणजे उसने काढ, पण घे. आणि सगळ्यांत वरची पायरी होती "जाळून टाका". तिचा अर्थ, हातातलं घड्याळ विक, पण हे सोडून घरी जाऊ नकोस.

ही शेवटची पायरी बाजारात दोघांच्या उभ्या आयुष्यात एकदाच चढली गेली. 'वीजबहाद्दर'चा पहिला अंक जाड्याच्या ताडपत्रीवर एका इस्त्रीखाली दबून पडला होता, मुखपृष्ठाचा एक कोपरा उडालेला. भिंगोबाकडे दुसऱ्या अंकापासून पुढचे सगळे होते. पहिल्याच्या जागी त्यानं कपाटात बोटभर रिकामी फट ठेवली होती. त्यानं तो पाहिला, पण तो वाकेपर्यंत पेंटरचा लांब हात वरूनच खाली पोचला. भिंगोबा एवढंच म्हणाला, "जाळून टाका असली घाण." पेंटरनं इस्त्री विकत घेतली आणि अंक तिच्यावर फुकट मागून घेतला.

मैत्री टिकली. फटही तशीच राहिली.

मग एके दिवशी पेंटर अंघोळीला गेला तो चालत परत आला नाही. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, कधीकधी एखादा शब्द मागं राहतो. पेंटरच्या बाबतीत राहिला तो "बरं". पाणी हवं, बरं. नको, बरं. पाठ दुखते, डास चावला, बायको रडते, सगळ्याला बरं.

महिनाभरानं वहिनी, म्हणजे पेंटरची बायको, चष्म्याच्या दुकानात आल्या. चष्मा ठीकच होता. काउंटरवर त्या उगीचच फ्रेमची दांडी उघडमीट करत राहिल्या.

"भाऊजी, व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात. त्यांच्यामुळं बोटं थोडी हलायला लागलीत. पण त्यांना रोजचं द्यावं लागतं. तुम्हाला त्या पुस्तकांतलं कळतं. त्याचं काही येईल का? येणार असलं तर विकू. ह्यांना मी समजावीन."

"बघतो ना वहिनी," भिंगोबा म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी येतो."

तो गेला तेव्हा पेंटर खिडकीशी पलंगावर टेकून बसवलेला होता. वहिनींनी पलंगाखालचं खोकं ओढून काढलं आणि एकेक अंक चादरीवर मांडला. पेंटरनं आपला सगळा संग्रह कधी कोणाला एकत्र दाखवला नव्हता. संग्राहकांत ते शहाणपणाचं समजलं जातं. चादर भरली. भिंगोबाला वाटलं, आपण एवढी वर्षं या माणसाबरोबर हिंडलो आणि हा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त बघत होता. आणि मधोमध, पेंटरच्या निकामी हाताशेजारी, पहिला अंक.

पेंटर त्याच्याकडे बघत होता. तोंड एका बाजूला ओघळलेलं, पण डोळे पूर्वीचेच, वरून बघणारे. त्यात एकच प्रश्न होता. कसा आहे?

भिंगोबा पलंगाशी वाकला. त्याला वाटलं, या माणसाला आता साधं कौतुक ऐकवलं तर तो अपमान समजेल. म्हणून तो सगळ्यांत वरच्या पायरीवर चढला.

"पेंटर," तो म्हणाला, "जाळून टाकायच्या लायकीचं आहे रे सगळं."

पेंटरच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. "बरं," तो म्हणाला. "बरं, बरं."

आणि मागं उभ्या असलेल्या वहिनींचा चेहरा बल्ब उडावा तसा विझला.

इथं भिंगोबानं मान वळवून, "तसं नव्हे हो वहिनी, ही आमची बोली आहे," एवढं म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. पण त्याच वेळी वहिनी बोलल्या, "मग भाऊजी, तुम्हीच घेऊन जा ना. रद्दीवाल्याला देताना ह्यांच्या जिवाला लागेल. तुमच्याकडं राहिलं तर निदान..."

भिंगोबानं तोंड मिटलं.

खोकं जड होतं. पहिल्यांदाच तो बसनं घरी गेला.

"एवढं सगळं कोणी दिलं?" बायकोनं दारातच विचारलं.

"पेंटरकडचं. वहिनींना अडगळ होत होती."

"फुकट?"

"फुकट."

"तुम्हाला?" बायको खोक्याभोवती फिरून आली. "म्हणजे काहीतरी खराब असणार."

"रद्दीच आहे," भिंगोबा म्हणाला, आणि आपण हे कोणत्या बोलीत म्हणालो ते त्याचं त्यालाच कळेना.

त्यानं पहिला अंक कपाटातल्या फटीत सरकवला. मोजून ठेवल्यासारखा बसला. आता त्याला आनंद व्हायला हवा होता. तो होण्याची त्यानं बराच वेळ वाट पाहिली. मग अंक पुन्हा काढून भिंगाखाली धरला. उडालेला कोपरा जागेवर होता. आत मागून कागद लावून पेंटरनं तो रंगवला होता: विजेचं टोक, निळं आभाळ, शीर्षकाच्या शेवटच्या अक्षराचा अर्धा पाय. नुसत्या डोळ्यांना पत्ता लागणार नाही असं काम. भिंगातून मात्र ब्रशचा फटकारा दिसत होता, बारीक, एका दमात मारलेला, उजव्या हाताचा.

त्यानं अंक मिटला. पुढचे काही दिवस दुकानात त्याच्या हातून काचा उलट्या बसल्या. एका बाईंना डावी काच उजवीकडं बसवून दिली. मालक म्हणाला, "भिंगोबा, दुसऱ्यांना दिसावं म्हणून आपण बसलोय इथं." भिंगोबाला ते फार लागलं, मालकाच्या मनात तसं काहीच नसताना.

पुढच्या सुट्टीला तो सवयीनं बाजारात गेला. ताडपत्रीमागं भिंतीला एक दुहेरी शिडी टेकून उभी होती. पायऱ्यांवर रंगांचे थर आणि बाजूच्या बांबूवर वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'वर काम चालू आहे, हाक मारू नये.' ते अक्षर भिंगोबानं अर्ध्या शहराच्या दुकानांवर वाचलं होतं.

"ही कुठून आली?" त्यानं विचारलं.

"एक बाई देऊन गेल्या. नवऱ्याचा व्यायाम का काय बंद पडायला आला म्हणाल्या." जाड्यानं त्याच्या चेहऱ्याकडं नजर लावली. "का? हवी का? बोला, काय वाटतं? रद्दी?"

भिंगोबानं रद्दी म्हणायला तोंड उघडलं. तो शब्द त्याच्या जिभेवर कायम तयार असे, खिशातल्या रुमालासारखा. आज निघेना.

"चांगली आहे," तो म्हणाला.

जाड्या घाबरला. "तब्येत बरी आहे ना तुमची?"

शिडी घेण्याइतके पैसे त्याच्याकडे नव्हते. तो घरी गेला, पहिला अंक परत खोक्यात ठेवला, खोकं उचललं आणि तसाच पेंटरच्या घरी. वहिनींनी दार उघडलं.

"वहिनी, ही रद्दी नाही. याचे पैसे येतात. भरपूर येतात."

वहिनींनी खोक्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "भाऊजी, तुम्ही स्वतःच्या पदरचे पैसे द्यायचं ठरवून आलाय. तुमची स्थिती मला माहीत आहे. असं मन राखू नका."

आता ही मोठी पंचाईत होती. ज्यानं आयुष्यभर सोन्याला भंगार म्हटलं, त्यानं पहिल्यांदा सोनं म्हटलं तर ती दया ठरली. शेवटी भिंगोबानं पेंटरच्या पलंगाशी बसून सगळी उलटी बोली पायरीपायरीनं उलगडून सांगितली. पेंटर ऐकत होता. "बरं" म्हणजे काय, ते सांगताना भिंगोबानं त्याच्याकडं बघायचं टाळलं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडं वळल्या.

"म्हणजे लग्न झाल्यापासून माझ्या स्वयंपाकाला तुम्ही बरं आहे म्हणायचात, ते काय होतं?"

"बरं," पेंटर घाईनं म्हणाला.

भिंगोबाला हसू आलं. वहिनींनाही येता येता राहिलं. कारण त्यांना मधेच काहीतरी आठवलं आणि त्या भिंगोबाकडं वळल्या.

"त्या दिवशी जाळून टाका म्हणालात. ते ह्यांना म्हणालात की मला?"

भिंगोबानं भिंगाची दोरी बोटाला गुंडाळली. "दोघांना," तो म्हणाला.

"ह्यांना खरं आणि मला खोटं. एकाच वाक्यात." त्या उठल्या. "कौशल्य आहे हं."

गिऱ्हाईक भिंगोबानंच आणलं. चष्म्याच्या दुकानात येणारा एक जाडजूड पाकीटवाला संग्राहक होता, त्याला सगळे साहेब म्हणत. साहेब आला, खुर्चीवर बसला, चादरीवर मांडलेले अंक बघितले आणि दाताच्या डॉक्टरकडं आल्यासारखं तोंड केलं.

"छे छे. रद्दी आहे हो बाई सगळी."

वहिनी पुढं सरकल्या. "रद्दी? की शुद्ध रद्दी?"

साहेब गडबडला. "नाही, म्हणजे... तशी शुद्धच म्हणायची."

"मग बोला."

पुढचा अर्धा तास भिंगोबा जन्मभर विसरणार नव्हता. साहेब एकेक अंक उचलून निंदा करायचा, वहिनी निंदेच्या प्रमाणात भाव वाढवायच्या, आणि अडलं की म्हणायच्या, "तुम्ही सांगा." मग भिंगोबा सांगायचा. "चांगला आहे. पिना मूळच्या आहेत. फार चांगला आहे." शब्द नव्या जोड्यासारखे चावत होते. साहेबाच्या नोकराचे आणि दारात उभ्या शेजाऱ्यांचे कान टवकारलेले. ही बातमी संध्याकाळपर्यंत जाड्याकडं पोचणार आणि यापुढं आपण नाक मुरडलं की बाजारात भाव चढणार, हे भिंगोबाला दिसत होतं. बसच्या पैशांत आता त्याला काही मिळणार नव्हतं.

शेवटी राहिला पहिला अंक. साहेबानं तो उचलला, आणि त्याचे डोळे मोठे झाले. निंदा करायचंही तो विसरला. त्यानं जो आकडा उच्चारला तो ऐकून वहिनी भिंतीला टेकल्या.

"तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या.

"खरा आहे," भिंगोबा म्हणाला. तिथंच थांबायचं होतं. "कोपरा मात्र पेंटरनं रंगवलाय."

साहेबानं त्याच्या गळ्यातलं भिंग मागून घेतलं, कोपऱ्यावर धरलं, आणि अंक चादरीवर परत ठेवला. "हात लावलेला अंक मी घेत नाही. काम सुरेख आहे. पण मला नको."

बाकीचे पैसे मोजून तो गेला. व्यायामाच्या बाईंचे बरेच महिने निघतील एवढे होते, शिडीही परत आणता आली असती. पण वहिनी पैशांकडं बघत नव्हत्या.

"तुम्ही ते का सांगितलंत?"

"खरं बोलायचं ठरवलं होतं."

"खरं बोलायचं होतं, की तो इथून जाऊ द्यायचा नव्हता?"

भिंगोबानं प्रामाणिकपणे विचार केला. भिंगानं दुसऱ्याचा कागद तपासता येतो, एवढाच त्याचा उपयोग.

"चहा घेणार का?" वहिनींनी विचारलं, आणि आत गेल्या. त्या अजून काही म्हणतात का, म्हणून भिंगोबा कान देऊन थांबला. "भाऊजी" हा शब्द आज एकदाही आला नव्हता. तो पुढंही आला नाही.

तरी तो दर सुट्टीला जातो. बाजारात काम उरलेलं नाही, त्यामुळे वेळ असतो. शिडी परत आली आहे. ती दाराशी उभी असते आणि हाक मारू नये म्हणते. पेंटरचा डावा हात चांगला चालतो, व्यायामाच्या बाईंमुळे उजव्याचीही दोन बोटं हलतात. पहिला अंक उशाशी असतो. भिंगोबा खुर्चीवर बसला की पेंटर डाव्या हातानं तो चादरीवरून ढकलत ढकलत त्याच्यापर्यंत आणतो, रंगवलेला कोपरा त्याच्याकडे करून ठेवतो, आणि वरून बघावं तसा बघत म्हणतो,

"बरं."

"कोणतं बरं, पेंटर?" भिंगोबा विचारतो. "सगळे बोलतात ते, की आपलं?"

"बरं," पेंटर म्हणतो.

अंक दोघांच्या मधे पडून असतो. भिंगोबा हात गुडघ्यांवर ठेवून बसतो, चहा थंड होईपर्यंत, आणि अंक उचलत नाही.